३० हजारांच्या कॉम्प्युटरला प्रोसेसर कोणता घालायचा?

जुळे सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी बीसीएच्या पहिल्या वर्षाला, मुलगा दहावीत, आणि मिस्टरांचा टॉवेलचा होलसेल धंदा. त्याचं बिलिंग रात्री घरूनच चालतं. तिघांत मिळून एक कॉम्प्युटर घ्यायचाय. बजेट ३० हजार, मॉनिटर सोडून, कारण सध्या घरचा टीव्हीच लावायचा विचार आहे. सल्ले तीन मिळालेत आणि तिन्ही तीन दिशांचे. एका दुकानदारानं "आय७, १६ जीबी रॅम, एसएसडी, एकदम नवीन, साडेअठरा हजार" असं कोटेशन दिलंय. पुण्याचा भाचा म्हणतो, रायझन ५ ५६०० घ्या आणि सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड टाका. मुलानं ऑनलाइन आय३-१२१००एफ शोधून ठेवलाय. (आय७, आय३ हे इंटेल कंपनीचे आणि रायझन हे एएमडी कंपनीचे प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचे मेंदू.) ताई विचारतात, यातलं काय घेऊ?

ताई, तिन्ही घेऊ नका. मी गेली २२ वर्षं सोलापुरात कॉम्प्युटर जोडतोय आणि दुरुस्त करतोय. तुमच्यासारख्या घरांत पैसे कुठे वाया जातात ते माझ्या टेबलावर रोज येतं. त्यामुळे आधी हे तिन्ही का नकोत ते सांगतो, म्हणजे उद्या चौथा कुणी सल्ला दिला तरी तो तुम्हाला स्वतःला तपासता येईल.

आधी तो साडेअठरा हजारांचा आय७. त्या दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: आय७ च्या पुढचा नंबर काय? बहुतेक उत्तर येईल २६०० किंवा ३७७०. इंटेलच्या या नावांत खरी माहिती त्या पुढच्या नंबरात असते. नंबर चार आकडी असेल तर पहिला आकडा म्हणजे पिढी, म्हणजे २६०० ही दुसरी पिढी आणि ३७७० ही तिसरी. पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे पिढीचे, म्हणून १२१०० ही बारावी पिढी. आय७-२६०० बाजारात आला २०११ च्या जानेवारीत. तुमची मुलगी तेव्हा बालवाडीच्या वयाची असेल. आय३-१२१०० आला २०२२ च्या जानेवारीत. दोघांनाही चार कोअर, म्हणजे काम करणारे चार हात, आणि आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळता येणारी आठ कामं, पण मधल्या अकरा वर्षांत एकेका कोअरचं काम इतकं सुधारलंय की एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात हा आय३ त्या आय७ च्या जवळपास दुप्पट पळतो. बिलिंगचं सॉफ्टवेअर, ब्राउझर, वर्ड-एक्सेल, ही सगळी त्याच जातीची कामं.

मग तो "एकदम नवीन" कसा? बोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, नवीन असतो, खोक्यातला असतो. जुन्या एच६१ चिपसेटचे नवे बोर्ड आजही बनतात आणि विकले जातात. त्यावर बसतो तो प्रोसेसर मात्र कुठल्या तरी ऑफिसच्या भंगारात निघालेल्या मशिनमधून काढलेला, पुसून लावलेला. कॅबिनेट चकचकीत, आत रंगीत लाइट, वर आय७ चा स्टिकर. शिवाय एच६१ मधला साटा, म्हणजे डिस्क जोडायचा मार्ग, जुन्या, ३ गिगाबिटवाल्या वेगाचा, म्हणजे नवी साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी चपळ डिस्क) लावली तरी तिचा अर्धा वेग वायाच. रॅम डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची, जी पुढे कुठल्याच नव्या बोर्डात बसणार नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्या पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काही जण जुगाड करून त्या जुन्या मशिनवर विंडोज ११ चढवून देतात, चालतंही, पण एखाद्या मोठ्या अपडेटला अडून बसतं. मिस्टरांची बिलं आणि जीएसटीचं काम ज्या मशिनवर आहे ते असं अधांतरी ठेवू नये.

प्रोसेसर खराब असतो असं मी म्हणत नाही. प्रोसेसर हा कॉम्प्युटरमधला सगळ्यात चिवट भाग. २२ वर्षांत आपोआप मेलेले प्रोसेसर मी बोटांवर मोजण्याइतके पाहिलेत. बोर्ड, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि हार्ड डिस्क मात्र पोत्यानं. म्हणूनच तर जुने प्रोसेसर पुन्हा पुन्हा विकता येतात. तक्रार आहे ती नव्याचे पैसे घेण्याबद्दल.

कुणाचं बजेट खरोखर १५-१८ हजारच असेल, तर मी सरळ सांगतो: ऑफिसातनं निघालेलं ब्रँडेड मशिन घ्या, पण आठव्या पिढीचं किंवा पुढचं. आय५-८४००, ८५०० असं काही. सहा कोअर असतात आणि विंडोज ११ रीतसर चालतं. फक्त अशा ब्रँडेड मशिनचा एसएमपीएस आणि त्याची कनेक्टर बऱ्याचदा वेगळ्याच मापाची असतात, बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही, हे घेण्याआधी बघून घ्या. तुमचं बजेट ३० चं आहे, म्हणून तुम्हाला हा रस्ता नको.

आता मुलानं शोधलेला आय३-१२१००एफ. प्रोसेसर उत्तम, जरा स्वस्तही. पण शेवटचं ते "एफ" अक्षर नीट बघा. एफ म्हणजे त्या प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स नाही. बोर्डाच्या मागे एचडीएमआयचं भोक असतं, तुम्ही टीव्हीची केबल लावता, आणि पडदा काळाच. त्या भोकाला चित्र पुरवणारा भागच प्रोसेसरमध्ये बंद असतो.

दोन वर्षांपूर्वी अक्कलकोट रोडवरचा एक मुलगा आला होता, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचा. सुट्टीत काम करून पैसे जमवलेले, एकेक पार्ट ऑनलाइन मागवलेला, व्हिडिओ बघून स्वतः जोडलेलं. रात्री दोन वाजेपर्यंत झटलाय, बोर्ड तीनदा कॅबिनेटमधून काढून परत बसवलाय. आल्या आल्या म्हणाला, "सर, फॅन फिरतंय, लाइट लागतंय, पण स्क्रीनवर काहीच येईना की ओ." जोडणी बघितली, एक वायर चुकलेली नव्हती. इतकी स्वच्छ जोडणी आमच्याकडची शिकाऊ पोरं करत नाहीत. मग प्रोसेसरचं खोकं मागितलं आणि त्याला ते एफ दाखवलं. पोराचे डोळे भरून आले. शेवटी जीटी ७१० सारखं साधं कार्ड घालून पडदा सुरू केला, आणि एफ घेऊन वाचवलेले पैसे तर त्यात गेलेच, वर आणखी लागले. ज्याला पहिल्या दिवसापासून ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच आहे त्यानं एफ जरूर घ्यावा. बाकी कुणी नाही.

भाच्याच्या रायझन ५ ५६०० चंही तेच. सहा कोअर, बारा थ्रेड, त्या किमतीला गेमसाठी फार चांगला प्रोसेसर, पण आत ग्राफिक्स नाही. एएमडीच्या या एएम४ वाल्या (एएम४ म्हणजे बोर्डावरचा प्रोसेसर बसायचा सॉकेट) पिढीत ग्राफिक्स हवं असेल तर नंबरच्या शेवटी "जी" लागतो: ५६००जी. नुसत्या ५६०० ला कार्ड घ्यावंच लागतं, आणि ३० हजारांत ते सेकंडहँडच येतं. या बजेटला बहुतेक आरएक्स ५८० मिळतं. ते कार्ड २०१७ चं, एकटं १८५ वॅट खाणारं. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून ते कमावणं, बंद झाल्यावर अशी हजारो कार्डं बाजारात उतरली, महिनोन्‌महिने दिवसरात्र पूर्ण दमानं चाललेली. त्यातही "आरएक्स ५८० २०४८एसपी" असं लिहिलेलं कार्ड म्हणजे खरं तर खालच्या ५७० च्या ताकदीचं. भाचा जाणकार असेल तर तो हे ओळखेल. पण कार्ड सहा महिन्यांनी गेलं तर पूर्ण कॉम्प्युटर बंद पडतो, आणि भाचा पुण्यात असतो. शिवाय तेवढ्या कार्डाला एसएमपीएस दणकट हवा, म्हणजे अजून पैसे. दहावीच्या वर्षात घरात गेमचं मशिन आणायचं का, हा प्रश्न तुमचा. त्यात मी पडत नाही.

तर मग घ्यायचं काय? तुमच्यापुढे खरे पर्याय दोनच आहेत: एफ नसलेला साधा आय३-१२१००, किंवा रायझन ५ ५६००जी. दोन्हींत ग्राफिक्स आत. दोघांच्याही खोक्यात कूलर येतो. दोन्ही विंडोज ११ ला रीतसर चालतात आणि दोन्हींना डीडीआर४ रॅम चालते.

त्यांच्यातला फरक तुमच्या घराच्या कामावरून सांगतो. बिलिंग, ऑफिस, ऑनलाइन क्लास, शाळेचे प्रोजेक्ट यांना आय३ पुरून उरतो. किंबहुना अशा कामात तो ५६००जी पेक्षा कणभर चपळच वाटतो, कारण त्याचा एकेक कोअर जास्त वेगवान आहे. मुलीच्या बीसीएत सी, जावा, पायथन, डेटाबेस हे सगळं तो सहज खेचेल. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात अँड्रॉइड स्टुडिओ हे मोबाइल अॅप बनवायचं सॉफ्टवेअर आलं, त्यातला इम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) चालू झाला, बाजूला ब्राउझरचे दहा टॅब उघडे राहिले, की चार आणि सहा कोअरमधला फरक समजायला लागतो. मुलाला व्हॅलोरंट किंवा जुना जीटीए ५ खेळायचा असेल तर ५६००जी मधलं व्हेगा ग्राफिक्स इंटेलच्या यूएचडी ७३० पेक्षा स्पष्टपणे सरस आहे. सेटिंग खाली ठेवून तो समाधानानं खेळेल, कार्डाशिवाय.

इथे एक अट आहे आणि ती दुकानात फारसं कुणी सांगत नाही. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधला वाटा घेतं. त्यामुळे ५६००जी ला रॅमच्या दोन स्टिक हव्यात, ८-८ जीबीच्या. १६ ची एकच स्टिक घातली तर रॅमकडे जाणारा अर्धा रस्ता बंद राहतो आणि गेममध्ये तो प्रोसेसर निम्मा-अर्धा लुळा पडल्यासारखा वागतो. लोक मग "एएमडी बेकार" म्हणतात. रॅम एक स्टिक लावलेली असते आणि बोल प्रोसेसरला बसतात. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जगभर चढलेत, कारण मेमरी कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय. म्हणून माझा हिशेब असा: ८-८ च्या दोन स्टिक बजेटात बसत असतील तर ५६००जी. बसत नसतील, आत्ता ८ ची एकच घेऊन दुसरी दिवाळीला घालू म्हणत असाल, तर आय३-१२१००, कारण त्याची तुमच्या घरातली कामं ग्राफिक्सवर फारशी अवलंबून नाहीत.

आणि भाव विचारताना नुसत्या प्रोसेसरचा विचारू नका. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम, तिन्हींचा मिळून भाव घ्या. नवी पेठेत दोन दुकानं फिरा, एखादा पार्क चौकाकडचा दर घ्या, ऑनलाइन बघा. आय३ ला एच६१० बोर्ड, ५६००जी ला ए५२० किंवा बी४५०. कधी प्रोसेसर स्वस्त आणि बोर्ड महाग निघतो. एच६१० घेताना तो डीडीआर४ वाला आहे ना ते खात्री करून घ्या, कारण त्याच नावाचे डीडीआर५ वाले बोर्डही येतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसतच नाही. जुना बी४५० असेल तर दुकानदाराकडून बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करूनच घ्या, नाहीतर ५००० सिरीजचा प्रोसेसर तो ओळखत नाही आणि घरी जाऊन पुन्हा तोच काळा पडदा. सेटची तुलना करून दोघांत हजार-दीड हजाराचाच फरक निघाला तर रॅमच्या दोन स्टिकसह ५६००जी घ्या. त्याहून जास्त असेल तर आय३ घेऊन वाचलेले पैसे एसएमपीएसकडे वळवा.

"पुढे अपग्रेड होईल का" हे विचारणारे बरेच असतात. आय३ च्या बोर्डावर पुढे बाराव्या ते चौदाव्या पिढीतला आय५ बसेल, ५६००जी च्या बोर्डावर त्याच घराण्यातला आठ कोअरवाला. त्याच्या पुढच्या पिढ्यांना मात्र दोन्ही रस्ते बंद. पुढच्या वाटेसाठी एएमडीचं एएम५ आहे, ते २०२२ साली आलं, पण त्याला डीडीआर५ च लागते आणि आजच्या रॅमच्या भावात ते ३० हजारांत ओढाताण होऊन बसेल. खरं सांगायचं तर माझ्याकडच्या घरगुती गिऱ्हाइकांत प्रोसेसर बदलणारे फारच थोडे. लोक रॅम वाढवतात, एसएसडी मोठी करतात, आणि सात-आठ वर्षांनी सगळंच बदलतात.

ट्रे प्रोसेसर घेऊ नका. म्हणजे खोक्याशिवाय, नुसता प्लास्टिकच्या डबीत मिळणारा. थोडा स्वस्त पडतो, पण कूलर येत नाही, आणि खोक्यातल्या प्रोसेसरला जी कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते ती तुम्हाला थेट मिळत नाही. खोकं सीलबंद, बिल जीएसटीचं, बिलावर पूर्ण नंबर आणि सिरियल नंबर. "आय३ प्रोसेसर – १ नग" असलं बिल मान्य करू नका.

आता सोलापूरचं म्हणून एक, जे पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत तुम्हाला कुणी सांगणार नाही. पूर्व भागातल्या एका घरचं मशिन मागच्या मे महिन्यात माझ्याकडे आलं. घराला लागूनच यंत्रमाग. तक्रार अशी: सकाळी बरं चालतं, दुपारी अडकतं, एक्सेलची फाइल उघडायला मिनिट लागतं. कुणीतरी सांगितलेलं, "आय३ आहे, दम नाही, आय५ टाका." मी तापमान बघितलं तर प्रोसेसर १०० अंशांवर. त्या आय३ ची मर्यादाच १०० ची. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो, जसा बैल उन्हात पाय ओढतो. कूलरचा पंखा काढला आणि खाली अॅल्युमिनियमच्या पात्या दिसेचनात. पंखा आणि पात्यांच्या मधे कापसाच्या तंतूंची गादी बसलेली, राखाडी, बोटभर जाड नसेल पण टॉवेलचा तुकडा कापून घातल्यासारखी घट्ट. चिमट्यानं उचलली तर अख्खी एका तुकड्यात निघाली. ब्रशनं साफ केलं, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली जुनी पेस्ट पुसून नवी लावली, पंखा बसवला. त्याच दुपारी, त्याच उन्हात, तोच आय३ साठ-पासष्टवर आला. आय५ चे पैसे वाचले. आणि आय५ घातला असता तर तोही दोन महिन्यांत शंभरावरच पोचला असता.

तुमच्या घरी टॉवेलचा माल येतो-जातो, म्हणून हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय. कॉम्प्युटर गठ्ठ्यांच्या खोलीत ठेवू नका, आणि जमिनीवर तर नकोच. फूटभर उंचीवर ठेवला तरी कचरा कितीतरी कमी ओढतो. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, पूर्ण काचेचं दिसायला देखणं असतं पण हवा कोंडते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, आणि खोलीतच ४० असेल तर कूलर प्रोसेसरला त्याच्या खाली कधीच नेऊ शकत नाही. म्हणूनही या हवेत ६५ वॅटच्या आतबाहेरचा प्रोसेसर बरा, आणि १८५ वॅटचं जुनं कार्ड नको.

५६००जी घेतलात तर साफसफाईला एक काळजी. या प्रोसेसरला पिना खालच्या बाजूला असतात. पेस्ट वाळल्यावर कूलर सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरबरोबरच वर येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशिन चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हळू पिळत सोडवा. जमत नसेल तर पंखा तेवढा साफ करा, कूलर आमच्यासारख्याला काढू द्या. आय३ मध्ये पिना बोर्डावर असतात. तिथे कूलर काढणं सोपं, पण प्रोसेसर हातातून त्या पिनांवर पडला तर बोर्डच जातो, आणि वाकलेल्या पिनेला वॉरंटी मिळत नाही.

बाकीचं थोडक्यात. प्रोसेसरवर बजेटच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घालवू नका. एसएसडी ५०० जीबीची, एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जातीची), जुनी हार्ड डिस्क नको. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस घेऊ नका. ४५० वॅटचा, ८० प्लसचं प्रमाणपत्र असलेला, ओळखीच्या कंपनीचा घ्या. ६०० व्हीएचा साधा यूपीएस या मशिनला पुरतो, लाइट गेल्यावर बिल सेव्ह करून बंद करण्यापुरता. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो कॉम्प्युटरचा दोष नाही, भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नाही असा त्याचा अर्थ. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

दुकानातून मशिन उचलण्याआधी तिथेच चालू करायला लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की उजवीकडे वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. तो नंबर, बिलावरचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर मुलीला मोठ्यानं वाचायला सांगा. मग मेमरीवर क्लिक करा, खाली किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं; ५६००जी असेल तर तिथे दोन दिसलेच पाहिजेत. तिन्ही नंबर जुळले की पैसे द्या. आणि होळी झाली की मेच्या आधी एकदा मशिन उघडून पंखा साफ करून घ्या, माझ्याकडे आणलंत तरी चालेल.